लॅब, पग, मुधोळ आणि गावठी: कुत्र्याची जात नेमकी काय सांगते?

रविवारी सकाळी रंकाळ्याच्या काठानं एक फेरी मारली तर जगातल्या निम्म्या मुलखांची कुत्री भेटतात. लॅब्रॅडॉर मूळचा कॅनडाच्या न्यूफाउंडलंडकडचा, जर्मन शेफर्ड नावातच पत्ता घेऊन आलेला, पग चीनचा, शिह त्झू तिबेट-चीनकडचा. हल्ली सैबेरियाचा हस्कीसुद्धा दिसतो, हातभर जीभ बाहेर काढून. मालकाला लोक दोनच प्रश्न विचारतात. "कंच्या जातीचं ओ?" आणि "कितीला बसलं?" दुसऱ्याचं उत्तर शेजारी मित्र उभा आहे की बायको, यावर ठरतं. पहिल्याचं उत्तर मात्र मालक छातीठोक देतो आणि ऐकणारा मान डोलावतो. पण जात कळली म्हणजे त्या कुत्र्याबद्दल काय कळलं? आकार कळला, केस कळले, पुढं होऊ शकणारे आजारही बऱ्यापैकी कळले. स्वभाव मात्र आपण समजतो त्याच्या मानानं फारच थोडा कळला.

हे समजून घ्यायला म्हशीपासून सुरुवात करू. कट्ट्यावर उभं राहून समोर काढलेलं धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराला पंढरपुरी आणि मुऱ्हा लांबूनही ओळखता येतात. पंढरपुरीची शिंगं लांबलचक, खांद्याच्या मागं गेलेली. मुऱ्ह्याची आखूड आणि गोल वळलेली. म्हशी दोन्ही, पण पिढ्यान्‌पिढ्या माणसानं हव्या त्या गुणाची जनावरं निवडून त्यांचीच पैदास वाढवली आणि त्यातून दोन वेगळे वाण झाले. कुत्र्याचंही असंच झालं. लांडग्याच्या एका जुन्या, आता नामशेष झालेल्या शाखेपासून कुत्रा निघाला तो किमान पंधरा हजार वर्षांपूर्वी. त्यानंतरचा जवळजवळ सगळा काळ माणसानं त्याला कामावरून निवडलं. मेंढरं वळणारा, बिळात घुसणारा, पाण्यातनं पडलेलं पाखरू उचलून आणणारा, रात्री भुंकणारा. रूप कसं का असेना, काम झालं पाहिजे.

रूपाला भाव आला तो अगदी अलीकडं. 1859 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला पहिलं रीतसर डॉग शो भरलं. त्यात पॉइंटर आणि सेटर अशी दोनच प्रकारची शिकारी कुत्री होती. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला आणि वंशावळीची नोंदवही सुरू झाली. मग हळूहळू प्रत्येक जातीची अशी वही झाली आणि वहीचं दार बंद झालं. म्हणजे आईबाप दोघंही वहीत असतील तरच पिल्लू वहीत. आपल्याकडं पेठेतला पोरगा "केसीआयचे कागद हायत" म्हणतो, ते कागद याच पद्धतीचे. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, मुख्यालय चेन्नईला. तो कागद पिल्लाची वंशावळ सांगतो. पिल्लू निरोगी आहे किंवा गुणी आहे, असं त्यावर कुठंही लिहिलेलं नसतं.

जात किती झटक्यात घडते, याचं जर्मन शेफर्ड हे उत्तम उदाहरण. जर्मनीत खेडोपाडी मेंढपाळांची वेगवेगळ्या रूपाची कुत्री होती. 1899 मध्ये मॅक्स फॉन स्टेफानिट्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं एका प्रदर्शनात त्यातला एक कुत्रा पाहिला, आवडला, विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि वहीत पहिला नंबर त्याला दिला. आज पोलिसांच्या श्वानपथकात रुबाबात बसलेला शेफर्ड या वंशातला. सव्वाशे वर्षांची गोष्ट. आपली कुस्तीची तालीमसुद्धा याच्यापेक्षा जुनी निघेल.

इतक्या थोड्या काळात चिहुआहुआ आणि ग्रेट डेन यांच्यात एवढं अंतर कसं पडलं? माणसाची उंची हजारो जनुकीय फरकांची थोडी-थोडी बेरीज होऊन ठरते. कुत्र्यात तसं नाही. माणसानं जे ठळक, चटकन डोळ्यांत भरणारे बदल दिसले तेच धरून ठेवले, त्यामुळं मोजक्याच जनुकांवर सगळा खेळ आहे. शरीराच्या वाढीशी संबंधित आयजीएफ-१ नावाच्या जनुकाचा एक प्रकार लहान जातींमध्ये सर्रास सापडतो, हे 2007 मध्ये दिसून आलं. डॅशहुंडचे आखूड पाय एका जनुकाची जादा प्रत चुकीच्या जागी जाऊन बसल्यामुळं आले. बिळात शिरायला ते पाय सोयीचे, म्हणून शिकाऱ्यांनी तीच कुत्री वाढवली. केस लांब की आखूड, कुरळे की सरळ, तोंडावर दाढी-मिशा आहेत की नाहीत, यातला बराचसा फरक फक्त तीन जनुकांवर ठरतो. लॅब काळा, चॉकलेटी की पिवळा, हे मुख्यतः दोन जनुकांवर. म्हणून काळ्या जोडीलाही पिवळी पिल्लं होऊ शकतात. त्यावरून विकणाऱ्याशी भांडू नका. भांडायला दुसरी कारणं असतात, त्यावर पुढं येतो.

गुणसूत्रांच्या 39 जोड्या सगळ्यांना सारख्याच. तुमच्या गल्लीतल्या मोत्याला, हस्कीला आणि लांडग्यालाही.

आता स्वभाव. "लॅब म्हणजे गरीब, डॉबरमन म्हणजे तापट, गावठी म्हणजे चावरं." हे इतकं ऐकलेलं असतं की खरंच वाटतं. 2022 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना स्वभावाबद्दल सविस्तर प्रश्न विचारले आणि त्यातल्या दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक तपासले. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा का, यातला जेमतेम नऊ टक्के भाग जातीवरून सांगता आला. वस्तू उचलून आणणं, माणसाच्या हाकेला लगेच ओ देणं अशा कामाशी जोडलेल्या सवयींत जातीचा वाटा जरा जास्त दिसला. पण राग किती पटकन येतो, यात जात जवळजवळ काहीच सांगत नाही. लॅबलाही चिडका निपजता येतं.

मग स्वभाव घडतो कशातून? थोडा आईबापांकडून, आणि बराचसा वयाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. या काळात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं ते त्याच्या लेखी "जगात असायचंच" या खात्यात जातं. म्हातारी माणसं, शाळेची पोरं, बुलेटचा आवाज, गणपतीतला ढोल, कुकरची शिट्टी, हे सगळं या वयात सावकाश, न घाबरवता दाखवावं लागतं. पहिले आठवडे आई आणि भावंडांसोबतचे. चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो, हा धडा पिल्लू भावंडांकडून शिकतं. म्हणूनच 2017 च्या केंद्राच्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. प्रत्यक्षात महिन्याचं पिल्लू बुट्टीत घालून विकलं जातं, आणि घेणाराही "केवढंसं हाय बघ" म्हणून हरखतो. पुढं वर्षभर हाताला चावे घेतं तेव्हा दोष जातीला.

बंद वहीची किंमत कुत्र्याला मोजावी लागते. बाहेरचं रक्त येत नाही, त्यामुळं एखादा दोष आत शिरला की सगळ्या घराण्यात पसरतो. डाल्मेशियनची हकीकत यासाठी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेल्या या जातीत, ठिपक्यांसाठी निवड करता करता, एक बिघडलेला जनुक शुद्ध वंशाच्या प्रत्येक कुत्र्यात येऊन बसला. लघवीत युरिक ॲसिड वाढतं आणि मुतखडे होतात. जातीच्या आत कितीही शोधलं तरी चांगला जनुक मिळेना, कारण तो शिल्लकच नव्हता. 1973 मध्ये रॉबर्ट शायबल नावाच्या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञानं एकदाच एका पॉइंटरशी संकर केला आणि पुढच्या सगळ्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. काही पिढ्यांत कुत्री दिसायला अस्सल डाल्मेशियन झाली आणि चांगला जनुकही टिकला. तरी "रक्त बाटलं" म्हणून विरोध झाला, आणि अमेरिकेतल्या मुख्य क्लबानं त्या वंशाला दार उघडलं ते 2011 मध्ये. सोयरिकीच्या बाबतीत माणसं जशी वागतात तशीच ती कुत्र्यांच्या बाबतीतही वागली, याचं मला काही नवल वाटत नाही.

पगचं दुखणं उघड्यावर दिसतं. मोबाइलच्या जाहिरातीनंतर हा कुत्रा आपल्याकडं घरोघरी आला. चेहरा गोंडस, पण नाक दाबून कवटी आखूड केलेली. आतले मऊ भाग मात्र तेवढेच राहिले, ते श्वासाच्या वाटेत येतात. लोक त्याच्या घोरण्याचे व्हिडिओ काढतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. ज्याला धड धाप टाकता येत नाही, त्याचं एप्रिल-मेच्या दुपारी काय होत असेल? नेदरलँड्समध्ये अतिआखूड नाकाच्या कुत्र्यांची पैदास करायला बंदी आहे. माझं मत विचाराल तर नवीन पग घेऊ नका. घरात असेल तर त्याला सडपातळ ठेवा, गळ्याला पट्टा न लावता छातीचा हार्नेस लावा, आणि उन्हाळ्यात फिरणं दिवस उगवायच्या आधी उरका.

लॅबची गोष्ट वेगळी. "आमचा लॅब खाऊन उठला तरी ताटाकडं बघतो." बरोबर आहे त्याचं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं, की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पोट भरल्याचा निरोप देणाऱ्या जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्याला खरोखरच भूक लागलेली असते. बिचाऱ्याच्या डोळ्यांना भुलून आपण चपाती टाकत राहतो, तो चाळीस किलोचा होतो, आणि मग कमरेचे सांधे जातात, जे या जातीत मुळातच कच्चे. कॉलीसारख्या मेंढपाळ जातींत आणखी एक खोट असते: काही औषधं मेंदूत जाण्यापासून अडवणारं दार सैल असतं. गोठ्यात गोचिडासाठी वापरतात ते आयव्हरमेक्टिन अशा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. जनावरांचं उरलेलं इंजेक्शन कुत्र्याला टोचायची खेड्यातली सवय म्हणूनच मोडायला हवी.

जाता जाता एक. नव्वदच्या दशकात शाहूपुरी-राजारामपुरीत प्रत्येक दुसऱ्या बंगल्यात एक पांढरं झुबकेदार कुत्रं असायचं, सगळे त्याला पामेरियन म्हणायचे. त्यातली बहुतेक इंडियन स्पिट्झ होती. उकाडा सोसणारी, भात-दुधावर वाढणारी, दाराशी पोस्टमन आला तरी घर डोक्यावर घेणारी. फॅशन बदलली आणि ती दिसेनाशी झाली.

आता घरचं बोलू. सीमा ओलांडून निपाणीवरून पुढं गेलं की कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ लागतं, घोरपड्यांचं जुनं संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी या भागातली उंच, सडसडीत शिकारी कुत्री जोपासली, म्हणून त्यांना मुधोळ हाउंड नाव मिळालं. आपल्या बाजूला त्यालाच कारवान किंवा कारवानी म्हणतात. अंगावर रेशमी, लांब केस असलेला तो पश्मी. केसीआयच्या वहीत हा 'कॅरव्हॅन हाउंड' म्हणून आहे. 2005 मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता, नंतर लष्करानंही त्याला प्रशिक्षणासाठी नेला, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्या संशोधनाचं सरकारी केंद्र आहे.

या कुत्र्याची रचना त्याचं काम सांगते. छाती खोल, पोट आत ओढलेलं, पाय लांब, तोंड निमुळतं. तो वासावर कमी आणि नजरेवर जास्त चालतो. लांबवर ससा हलला की सुटला. मग तुम्ही हाक मारत बसा. उसाच्या पट्ट्यात मोकळी जागा असेल, कोणी रोज पळवणारं असेल, तर याच्यासारखा सोबती नाही. अनोळखी माणसाला तो अंगाला हात लावू देत नाही, पण उगाच भुंकतही नाही. मात्र जत्रेच्या शर्यती बघून भारावलेला कोणी त्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणतो, तेव्हा सोफा पहिल्या आठवड्यात जातो. त्यात कुत्र्याचा काय दोष?

आणि गावठी. त्याला जात नाही असं समजणं ही वहीवाल्यांनी लावलेली सवय. उलट कुणी मुद्दाम न निवडता, हवा, अन्न आणि रोगराई यांनी हजारो वर्षं चाळून काढलेला हा प्रकार आहे. उभे कान, आखूड केस, वर वळलेली शेपटी, मध्यम बांधा, सावध नजर. वही बंद नसल्यानं रक्तात विविधता भरपूर, त्यामुळं जातिवंतांचे वर सांगितलेले आजार त्याला सहसा होत नाहीत. पण त्याला काहीच होत नाही, असं मात्र नाही. पार्व्हो हा विषाणूचा आजार गावठी पिल्लांनाही पटापट मारतो. लस त्यालाही तेवढीच लागते, रेबीजची तर हमखास. कुत्रं चावलं, कुणाचंही असो, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना-मिरचीचा नाद करायचा नाही.

गावठी भाकरीवर जगतं याचं अनेकांना कोडं वाटतं. त्याचं उत्तर 2013 मध्ये मिळालं. पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्याकडं दोनच प्रती असतात, बहुतेक कुत्र्यांकडं कितीतरी जास्त. माणूस शेती करायला लागला आणि त्याच्या उकिरड्याशेजारी राहून कुत्र्याचं पोटही बदललं. म्हणजे ज्वारीची भाकरी आणि कुत्रा यांची ओळख फार जुनी आहे. हस्कीच्या पूर्वजांनी मात्र मासे आणि सीलच्या मांसावर दिवस काढले, त्याच्याकडं या प्रती कमी. नुसत्या भाकरीवर मात्र कुणालाच ठेवू नये, अंडं, मांस हवंच.

मांस म्हटलं की कोल्हापुरात विषय थेट रश्श्यावर जातो. रविवारी मटण झालं की हाडं आणि तांबड्या रश्श्यात बुडवलेली भाकरी कुत्र्याला. प्रेम कळतं, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि शिजलेलं हाड, विशेषतः कोंबडीचं, दाताखाली टोकदार तुटून आतडं फाडू शकतं. त्याच्यासाठीचं मटण आधीच बाजूला काढून बिनफोडणीचं शिजवा, बस्स. सांगलीकडनं आलेली द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नकोत, थोड्याशानंही मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. आपल्या पावसाळ्यात कानात बुरशी आणि अंगावर गोचीड ठरलेले. लोंबत्या कानाच्या लॅबचा, कॉकरचा कान आठवड्याला उघडून बघा. कुत्रं सुस्त पडलं, खाईना, हिरड्या पांढऱ्या दिसू लागल्या तर गोचिडाचा ताप असू शकतो. तेव्हा एक दिवसही थांबू नये.

एवढी उस्तवार करून माणूस कुत्रं पाळतो कशाला? राखण हे उत्तर आता पुरत नाही, सीसीटीव्ही स्वस्त झालेत. 2015 मध्ये जपानी संशोधकांनी मालक आणि कुत्रा यांना एका खोलीत बसवून दोघांची तपासणी केली. एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ बघणाऱ्या जोड्यांमध्ये ऑक्सिटोसिन वाढलेलं आढळलं, माणसातही आणि कुत्र्यातही. आई आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत जे रसायन काम करतं, तेच. माणसानं लहानपणापासून हातानं वाढवलेल्या लांडग्यांमध्ये हे दिसलं नाही. भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यात चांगला वाढलेला असतो, लांडग्यात जेमतेम. त्यामुळंच त्याला ते केविलवाणं तोंड करता येतं. हजारो वर्षं माणसानं नकळत त्याच तोंडाला भाकरी टाकली.

आमच्या घरी गावठी कुत्री आहे, राणी. तिच्यामुळं सकाळी साडेपाचला उठावंच लागतं. प्रत्येक खांबापाशी ती थांबते, आणि मी ओढत नाही, कारण फिरायला नेणं म्हणजे तिला हुंगायला नेणं, हे आता मला पटलंय. रात्रीत गल्लीतनं कोण गेलं, ते सगळं तिला तिथं कळतं. ऑफिसातला वैताग घेऊन घरी यावं तर ती जिन्यात गाडीचा आवाज ओळखून उभी असते, आणि जोवर तिच्या कानामागं खाजवत नाही तोवर बूटही काढू देत नाही. सोसायटीतल्या ज्या माणसांशी माझं कधी बोलणं नव्हतं, ती आता तिच्या नावानं मला ओळखतात.

हे नातं नवीन नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला 1914 मध्ये सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि सोबत कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून नंतर कळलं, की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला होता आणि कुणीतरी शुश्रूषा केल्याशिवाय ते इतके आठवडे जगलंच नसतं. आजारी पिल्लू शिकारीला येत नाही, राखण करत नाही. तरी कुणीतरी त्याला पाणी पाजलं, अंग पुसलं.

तर पिल्लू आणायचं ठरवलं असेल, तर जात निवडताना आधी ती कशासाठी घडवली गेली ते बघा आणि तुमच्या घरात त्या कामाला वाव आहे का, ते प्रामाणिकपणे मोजा. दिवसभर घराला कुलूप असेल तर हस्की, शेफर्ड, मुधोळ यांच्या वाटेला जाऊ नका. मोठ्या कुत्र्यांचं आयुष्य साधारण आठ-दहा वर्षांचं, लहानांचं बारा-पंधरा. तिसरीतल्या मुलासाठी आणलेलं कुत्रं त्याच्या कॉलेजपर्यंत असतं, आणि पोरगं पुण्याला गेलं की फिरवणं आईबापांवर येतं. गावठी पिल्लू घेणार असाल तर गल्लीत व्यालेल्या कुत्रीकडं जरा लक्ष ठेवा. पिल्लं खायला-प्यायला लागून दोन महिन्यांची होऊ देत, मग आणा, आणि आईची नसबंदी करता येते का तेही बघा. विकत घेणार असाल तर कागदांआधी पिल्लाची आई बघायला मागा. तिची राहायची जागा, तिचं अंग, अनोळखी माणूस आल्यावर ती काय करते, ते बघा. विकणाऱ्यानं नोंदणी दाखवली पाहिजे आणि पिल्लू आठ आठवड्यांचं पाहिजे. "आई गावाकडं हाय ओ, तुम्ही पिल्लू बघा की" असं तो म्हणाला, की पिल्लू कितीही गोड असलं तरी हातात घेऊ नका. एकदा घेतलं की खाली ठेववत नाही.